ट्रान्सपोज केलं की पखवाजाचा टाळ होतो! रीपरमध्ये मिडीची वायरिंग कशी करू?

कॉइलवाला (मिरज)

नमस्कार मंडळी. मी धंद्यानं मोटार रिवाइंडिंगवाला. दिवसभर सबमर्सिबलच्या कॉइली भरायच्या आणि रात्री नऊनंतर दुकानाच्या माळ्यावर पेटी, लॅपटॉप (त्यात रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि एक ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, असा आपला स्टुडिओ. पत्र्याखाली आहे, त्यामुळं पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद.

आमच्या भजनी मंडळाचे आठ अभंग आषाढीच्या आत करून द्यायचेत. पाच अभंग बुवांची नात गाणार, तिची पट्टी काळी चार. बाकीचे तीन अभंग बुवा स्वतः गाणार, काळी एक. मी कीबोर्ड शिकलो तो पांढरी एकमध्ये, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या पट्टीत बोटं अडखळतात. म्हणून ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय) वापरतो.

सध्याची मांडणी अशी:

पखवाज: बुवांच्या मंडळातला खरा पखवाज माळ्यावर आणून एकेक बोल रेकॉर्ड केला. दोन तास गेले, कारण मधेच डाव्या तोंडाची कणीक सुकायला लागली आणि धूम (तिकडचा खर्जातला आवाज) बदलली, मग परत ओली कणीक, परत सुरुवात. ते आठ बोल रीपरच्याच सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज पट्टीवर वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) टाकून कीबोर्डच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यांवर बसवले. मिडीत प्रत्येक पट्टीला नंबर असतो, माझी सगळ्यात खालची ३६. त्या ३६ नंबरला 'धा', तिथून ४३ पर्यंत बाकीचे बोल, ४४ आणि ४५ वर टाळ (उघडा, दाबलेला), ४६ चिपळ्या, ४७ टाळी.

पेटी: ४८ पासून वर ८४ पर्यंत.

तानपुरा: मिरजेत तानपुरा मागायला लांब जावं लागत नाही. ओळखीच्या कारागिराकडून जनानी तानपुरा तासभर मागून घेतला, एकेक तार वेगळी रेकॉर्ड केली. त्याच्या चार नोटा रीपरमध्ये लिहून लूप लावलाय, काळी चारमध्ये.

पखवाज आणि पेटी दोन्ही ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगला तयार) करून ठेवतो, दोन्हीला तोच कीबोर्ड. पांढरी एकमध्ये वाजवलं तर सगळं झकास. आता नातीसाठी ट्रान्सपोज आठ सूर (काळ्या-पांढऱ्या धरून आठ पट्ट्या) वर केलं, की 'धा'च्या पट्टीवर टाळ! पहिल्या चार पट्ट्यांवर टाळ-चिपळ्या-टाळी, आणि तिथून पुढच्या आठ पट्ट्यांवर चक्क पेटी वाजते. बुवांसाठी एक सूर वर केलं तर 'धा' दाबल्यावर शेजारचा बोल येतो. आणि तानपुरा? तो काळी चार सोडायला तयार नाही. म्हणजे ज्यानं बदलायचं नाही ते बदलतंय आणि ज्यानं बदलायला हवं ते ढिम्म.

माझ्या जुन्या घरगुती कीबोर्डवर ट्रान्सपोज दाबलं तर रिदम कधीच बदलत नव्हता. मग इथंच असं का?

जाता जाता: काल एका मित्रानं "लूपमिडी टाक, आभासी केबल मिळते, सगळं सुटतं" म्हणून सांगितलं. टाकलं. एक पट्टी दाबली आणि अशी काही नोटांची रांग लागली की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला. शेवटी लूपमिडीनंच स्वतःहून तो पोर्ट बंद केला. आमच्या भाषेत शॉर्ट. घाबरून काढून टाकलं.


काळी_पाच

कॉइलवाले दादा, आधी एक सांगा. ट्रान्सपोज नक्की कुठलं दाबताय? कीबोर्डवरचं बटण की रीपरमधलं काही?


कॉइलवाला

कीबोर्डवरचं बटण. रीपरमध्ये ट्रान्सपोज असतं हेच माहीत नव्हतं.


पाचपिनी

मग उत्तर तिथेच आहे.

मी दादरला ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हापासून मिडीच्या पाच पिनांच्या केबली खांद्यावर वाहिल्यात, म्हणून हे नाव. तुमच्या जुन्या घरगुती कीबोर्डच्या पोटात आवाज होते. त्याला ठाऊक असायचं की ताल कुठला आणि सूर कुठला. १९९१ साली जनरल मिडीचा करार झाला त्यात तालवाद्यांना १० नंबरचं चॅनेल (मिडीच्या अनेक वाटांपैकी एक) राखून ठेवलं. तिथं नोटेचा नंबर म्हणजे सूर नव्हे, वाद्य. ३६ म्हणजे बेस ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर. त्यामुळे घरगुती कीबोर्ड ट्रान्सपोज करताना ताल बाजूला ठेवायचे.

तुमचा आताचा मिडी कीबोर्ड मुका आहे. त्याच्या पोटात ना पेटी ना पखवाज. ट्रान्सपोज आठ केलं की तो फक्त ३६ च्या जागी ४४ असा आकडा पाठवतो. पलीकडे कोण ऐकतंय याची त्याला कल्पनाच नाही. आणि तानपुऱ्याच्या नोटा तुम्ही लिहून ठेवल्यात, त्या कीबोर्डमधून जातच नाहीत, मग त्या कशा हलणार?

कीबोर्डवरचं ट्रान्सपोज शून्यावर आणा आणि ते बटण आहे हे विसरून जा.


काळी_पाच

काकांनी कारण सांगितलं, मी मांडणी सांगते. मी पुण्यात एकांकिकांना संगीत देते, रीपरच वापरते, त्यामुळे बटणांच्या जागा तोंडपाठ आहेत.

तुमची चूक एवढीच की प्रत्येक वाद्य थेट कीबोर्डला जोडलंय. मध्ये कुणीतरी वाटप करणारा हवा.

एक नवा ट्रॅक घ्या, नाव द्या 'बोटं'. यावर कुठलंही वाद्य टाकायचं नाही. कीबोर्ड फक्त यालाच जोडायचा, हाच एक आर्म करायचा, मॉनिटर चालू. रेकॉर्डिंगही इथेच होणार, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात जे दाबलंत तेच, पांढरी एकमध्ये. पुढे पट्टी बदलली तरी रेकॉर्ड केलेल्या नोटांना हात लावावा लागत नाही. तुमच्यासाठी ही सगळ्यात मोठी सोय.

दुसरा ट्रॅक 'सूर'. यावरही वाद्य नाही. इफेक्टच्या खिडकीत आधी नोट-फिल्टर, ४८ ते ८४. त्याच्या खाली ट्रान्सपोजचं छोटं जेएस प्लगइन, रीपरसोबतच येतं. क्रम उलटा करू नका. आधी ट्रान्सपोज आणि मग फिल्टर लावलंत तर पट्टी बदलली की पखवाज आणि पेटीची हद्दही सरकेल, पुन्हा तोच घोळ.

तिसरा 'ताल': नोट-फिल्टर ३६ ते ४७, त्याखाली तुमचे पखवाजाचे सॅम्पलर. इथे ट्रान्सपोज नाही.

आता 'बोटं'च्या राउट बटणातून 'सूर' आणि 'ताल' दोघांना सेंड द्या, म्हणजे एका ट्रॅकमधून दुसऱ्याकडे जाणारी वाट. सेंडच्या चौकटीत ऑडिओ 'नन' करा, मिडी 'ऑल टू ऑल' राहू द्या. मग 'सूर'मधून पेटीच्या ट्रॅकला तसाच सेंड.

तानपुऱ्याला चॅनेल वापरावं लागेल, नाहीतर पेटीच्या प्रत्येक नोटेला तानपुरा वाजेल. तानपुऱ्याच्या लूपमधल्या चारही नोटा पांढरी एकमध्ये लिहा, चॅनेल २ वर. त्या ट्रॅकचा सेंड 'सूर'ला. 'सूर'मधून बाहेर पडताना: चॅनेल १ पेटीला, चॅनेल २ तानपुऱ्याच्या सॅम्पलरला. चॅनेल निवडायची सोय सेंडच्या त्याच मिडीच्या चौकटीत आहे. ट्रान्सपोज दोन्ही चॅनेलना सारखंच लागू होतं.

म्हणजे पट्टीची खुंटी एकच. नातीला अधिक ८, बुवांना अधिक १.

आणि हो, तानपुऱ्याच्या सॅम्पलरमध्ये 'ओबे नोट-ऑफ्स'ची खूण काढून टाका. तार एकदा छेडली की ती आपोआप विझली पाहिजे, पट्टी सोडली म्हणून तुटता कामा नये.


उणे_वीस (टोरांटो)

मी मॅकवर एबलटन (रीपरसारखंच सॉफ्टवेअर) वापरतो, तिथे हेच काम उलट्या टोकाकडून होतं. देणाऱ्याकडून सेंड काढायचा नाही, घेणाऱ्या ट्रॅकवर 'मिडी फ्रॉम'मध्ये देणाऱ्याचं नाव निवडायचं, त्याखाली 'पोस्ट एफएक्स', आणि मॉनिटर 'इन'वर. 'ऑटो'वर ठेवलं तर ट्रॅक आर्म केल्याशिवाय काही ऐकू येत नाही. यात माझे दोन रविवार गेलेत.

लूपमिडीबद्दल: ती वाईट नाही, तुम्हाला तिची गरज नाही एवढंच. ती दोन वेगळ्या प्रोग्रॅमना जोडण्यासाठी, जसं मॅकवर आयएसी ड्रायव्हर. एकाच रीपरच्या आतल्या आत जायला कशाला बाहेर पडून परत यायचं? तुमच्या बाबतीत बहुतेक ट्रॅकचा इनपुट 'सगळे मिडी इनपुट' असा असणार आणि त्याच ट्रॅकचं मिडी लूपमिडीला जात असणार. बाहेर गेलेली नोट दारातून परत आत, परत बाहेर.


कॉइलवाला

उणे_वीस साहेब, अगदी तसंच होतं. 'सगळे मिडी इनपुट'.

काळी_पाच ताई, तुमचं वाचलं आणि दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मला हसू फुटलं. कारण हे मी रोज करतो! स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो तेव्हा मोटारीचा करंट काय बटणातून जात नाही. बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सांगतं, "ओढ". मोटारीचं जाड वायरिंग वेगळं, हुकमाचं बारीक वायरिंग वेगळं. एका बटणावर तीन स्टार्टर घ्यायचे असले तर बारीक वायरच फोडायची, जाडीला हात लावायचा नाही. तुम्ही सेंडमध्ये ऑडिओ 'नन' करा म्हणालात ते हेच की. मी आजवर मिडीला आवाज समजून बसलो होतो, म्हणून सगळं अडत होतं.

आणि पट्टीचं म्हणाल तर आपली स्केलचेंजर पेटी. पट्ट्यांची चौकट सरकते, खालचे सूर जागच्या जागी. तुम्ही ती चौकट 'सूर' ट्रॅकवर बसवलीत.

आज रात्री करतो.


कॉइलवाला

केलं. रात्रीचा दीड वाजलाय. पखवाज सुधारला, बोल जागेवर. पण दोन नव्या भानगडी.

एक: तानपुऱ्याचा खर्ज आणि पंचम दोन्ही गायब, नुसती जोडी वाजतेय.

दोन: ट्रान्सपोज शून्यावर असताना पेटी जरा मोठी वाटत होती, मी म्हटलं छान. अधिक आठ केलं तर एकाच पट्टीला दोन सूर येतात, पांढरी एकचा सा आणि काळी चारचा सा दोन्ही. कोमल धैवताचा संवाद लावल्यासारखं वाटतंय. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.


काळी_पाच

दुसरी भानगड आधी. पेटीचा ट्रॅक अजून आर्म आहे ना? इनपुटला कीबोर्ड तसाच आहे ना?

नोट दोन वाटांनी पोचतेय. एक 'बोटं' ते 'सूर' ते पेटी, आठ सूर चढून. दुसरी थेट कीबोर्डवरून पेटीत, तशीच. शून्यावर दोन्ही सारख्या, म्हणून फक्त आवाज वाढलेला वाटला. पेटीचं आर्म काढा. ज्या ट्रॅकला सेंड येतो त्याला आर्म करावं लागत नाही.


पाचपिनी

पेटी अकारण मोठी वाटली की समजायचं नोट दोनदा येतेय. मी याच्यावर एकदा अख्खा कार्यक्रम बसून काढलाय. फक्त तेव्हा केबली खऱ्या होत्या आणि पडद्यामागे अंधार होता.


कॉइलवाला

आर्म काढलं. एकच सूर. कुत्रंही गप्प.

खर्जाचं मीच शोधलं, आणि जरा फुशारकी मारतो. तानपुऱ्याच्या नोटा मी लिहिल्या होत्या ४३, ४८, ४८, ३६. पंचम, जोडी, खर्ज. आणि ताईंचा फिल्टर 'सूर' ट्रॅकवर ४८ च्या खालचं सगळं कापतो! पेटीसाठी लावलेला एमसीबी तानपुऱ्याला ट्रिप करत होता. वायरिंग परत सोडायचा कंटाळा आला, म्हणून लूपच एक सप्तक वर उचलला: ५५, ६०, ६०, ४८. चारही फिल्टरच्या आत बसले. आणि सॅम्पलरमध्ये बारा सूर खाली घेतलं. शुद्ध जुगाड आहे, पण वाजतोय.


काळी_पाच

जुगाड नाही, चांगला उपाय आहे. माझ्याकडून चूक झाली, तानपुऱ्याच्या खालच्या नोटा माझ्या लक्षातच आल्या नाहीत. नीटनेटकं करायचं तर 'बोटं' आणि 'सूर'च्या मध्ये आणखी एक ट्रॅक घालून फिल्टर तिथे हलवा, पण चालू गाडीचं इंजिन उघडू नका.


पाचपिनी

कॉइलवाले, दोन गोष्टी, तांत्रिक कमी आणि कानाच्या जास्त.

पहिली तानपुऱ्याची. तुम्ही जनानी तानपुऱ्याच्या तारा काळी चारमध्ये रेकॉर्ड केल्यात. बुवांसाठी काळी एक म्हणजे सात सूर खाली ओढणार. सॅम्पलर तार खाली ओढतो तेव्हा तिची जवारीही ओढतो. झणकार मंद होतो, तानपुरा झोपेत असल्यासारखा वाजतो. एखाद-दोन सूर इकडे-तिकडे खपून जातात, सात नाही. मर्दानी तानपुरा वेगळा रेकॉर्ड करा. तुम्ही तर मिरजेत राहता! २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तुम्ही सॅम्पलरकडून मर्दानी तानपुरा मागताय.

दुसरी पखवाजाची. ताल ट्रान्सपोज करायचा नाही हे पट्ट्यांपुरतं खरं. पण पखवाज काही सुराविना वाद्य नाही, शाई गायकाच्या सुराला लावलेली असते. तुमचा पखवाज कुठल्या सुरात होता?


कॉइलवाला

काळी एक. बुवांच्या पट्टीत. ते दुसऱ्या कुणासाठी गट्टे ठोकत नाहीत.


पाचपिनी

मग बुवांचे तीन अभंग निर्धास्त. नातीच्या काळी चारला काळी एक म्हणजे मध्यम. ज्या चालीत मध्यमावर मुक्काम आहे तिथे तो पखवाज गोड लागेल. जिथे पंचम प्रबळ, तिथे कानाला टोचेल. तिथे सॅम्पलरमधली पिचची खुंटी फिरवून पाहा, पट्टी न बदलता. दोन सूर वर नेऊन काळी दोन केलंत तर तो पंचमात बसतो. दोन सुरांत पखवाज फार बिघडत नाही, धूम थोडी आखडते एवढंच.


कॉइलवाला

काका, हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नसतं. पाचपैकी दोन अभंगांत दोन सूर वर नेला, तीनमध्ये तसाच ठेवला. एका अभंगात तर मध्यमच हवा होता, बुवा म्हणाले "हे कुणी सुचवलं?"

आता पेटीचं रडगाणं. माझी पेटी कशी वाजते, तर जोरात पट्टी मारली की किंचाळते, हळू मारली की मरते. पियानोगत. खरी पेटी अशी वागत नाही.


पाचपिनी

खऱ्या पेटीत जोर भात्याचा, बोटाचा नाही. मिडीत बोटाचा जोर म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७. पेटीच्या ट्रॅकवर ती एकाच आकड्याला बांधून टाका, ९० च्या आसपास. आणि भाता म्हणून ११ नंबरचा कंट्रोलर घ्या, एक्स्प्रेशन. तुमच्या कीबोर्डच्या मॉड्युलेशनच्या चाकाला ११ नंबर देता येत असेल तर डाव्या हातानं भाता मारल्यासारखंच वाटेल. ७ नंबर घेऊ नका, तो व्हॉल्यूम, मिक्सिंगसाठी राहू द्या.

नोट-फिल्टर फक्त नोटा अडवतो. चाकाचा हुकूम 'ताल'लाही पोचेल. तुमचा सॅम्पलर ११ ला काही करत नसेल तर बिघडत नाही, पण भाता मारताना पखवाज खाली-वर व्हायला लागला तर कारण हे.


उणे_वीस (टोरांटो)

चाकाचा विषय निघालाच आहे म्हणून माझं दुःख. इथल्या मंडळाच्या गणपतीसाठी बासरी आणि व्हायोलिन एकाच 'बोटं' ट्रॅकवरून वाजवत होतो, एकत्र. सरळ सुरात सुंदर. मींड घेतली की दोघं दोन दिशांना. पिच बेंड म्हणजे फक्त आकडा, शून्यापासून १६३८३ पर्यंत, मध्य ८१९२. टोकाला किती सूर ओढायचे हे ज्याचं त्यानं ठरवायचं. व्हायोलिन दोन सूर ओढत होतं, बासरी बारा! दोन्हीकडे बेंड रेंज सारखी केली तेव्हा मींड एक झाली. पेटीला मात्र बेंड पोचूच देऊ नका, मींड घेणारी पेटी ऐकून बुवा उठून जातील.


कॉइलवाला

चाक ११ वर लावलं, व्हेलॉसिटी ९२ वर बांधली. पहिल्यांदाच माझी पेटी पेटीसारखी वाटली. बायको खालून म्हणाली, "खरी काढली का?" यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

एक अपघात सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. वाजवता वाजवता, सा दाबून धरलेला असताना, ट्रान्सपोज ८ वरून ७ केलं. सूर अडकला. बोट उचललं तरी पेटी वाजतच राहिली, थांबेना. मला वाटलं रिले चिकटला.


काळी_पाच

रिलेच चिकटला. तुम्ही ६० दाबली, ती ६८ होऊन गेली. बोट उचलताना खुंटी ७ वर होती, म्हणून 'बंद' हुकूम ६७ ला गेला. ६८ ला कुणी बंद करायला सांगितलंच नाही. पट्टी बदलताना हात पट्ट्यांवरून काढायचे, बस. अडकलाच तर ॲक्शनच्या यादीत सगळ्या नोटा बंद करणारी एक ॲक्शन आहे, तिला एखादी कळ नेमून द्या. मी एस्केपच्या शेजारची दिलीय.


कॉइलवाला

दिली. लाल स्टिकरही लावला, आमच्याकडं स्टॉप बटण लालच असतं.

काल नातीचं रेकॉर्डिंग झालं. चार वाजता पावसाची सर येऊन गेली, तेवढा वेळ बसून चहा घेतला. दुसऱ्या अभंगाला तिचा गळा जरा बसला, वरचा पंचम लागेना. घाबरत घाबरत म्हणाली, "काका, अर्धी पट्टी खाली घेतली तर चालेल का? परत सगळं वाजवायला लागेल ना?" महिन्याभरापूर्वी वाजवायलाच लागलं असतं. मी हात पट्ट्यांवरून काढले, ८ चं ७ केलं. पांढरी पाच. पेटी, तानपुरा एका झटक्यात खाली, आधी वाजवून ठेवलेला सगळा भाग सुद्धा. ती बघतच राहिली.

मग प्ले केलं आणि बुवांनी हात वर केला. पखवाज! काळी चारला जो शुद्ध मध्यम होता तो पांढरी पाचला तीव्र झाला. पिचची खुंटी एक सूर खाली घेतली, बुवांनी मान हलवली, पुढं चाललो.

एक लक्षात आलं, पखवाजाची ही खुंटी बारा सॅम्पलरमध्ये बारा ठिकाणी आहे, आणि टाळ-चिपळ्या सोडून फक्त पहिल्या आठच फिरवायच्या असतात. घाईत सातच फिरवल्या, एक 'ता' तसाच वर राहिला. मिक्सिंगला सापडला.


नवखा_टाळकरी

दादा, मी लातूरचा, अगदी हेच करायचंय. तुमचं रीपरचं टेम्पलेट मिळेल का? आवाजांसकट?


कॉइलवाला

टेम्पलेट नक्की देतो, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा नीट नावं घालून पाठवतो. त्यात 'बोटं', 'सूर', 'ताल' आणि सगळे सेंड असतील. लूप ५५, ६०, ६०, ४८ असाच ठेवलाय, घाबरू नका.

पखवाजाचे आवाज मात्र बुवांचे आहेत. त्यांना विचारून सांगतो. आणि तानपुरा तुमच्याच गावातला रेकॉर्ड करा, कणसुरा नसला म्हणजे झालं.